घाटात काटा लालवर, जुनी डिझेल फोर बाय फोर. हेड उतरवू का?

काळीमाती | १० मे, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. गाडी महिंद्राची जीप, एमएम ५४०, फोर बाय फोर, १९९२ची, प्यूजो इंजिन. आण्णांनी मंद्रूपच्या शेतासाठी घेतली होती, गेल्या वर्षीपासून माझ्या ताब्यात.

दुखणं असं: गावात, म्हणजे सोलापुरात, काही नाही. सात रस्ता ते आसरा चौक, भर दुपारी, कितीही सिग्नल लागू द्या, तापमानाचा काटा मध्यावर. पण तुळजापूरचा घाट लागला, दुसऱ्या गिअरवर दोन-तीन वळणं घेतली की काटा लालकडे निघतो. शुक्रवारी आई, बायको, दोन पोरं आणि देवीच्या ओटीचं सामान घेऊन गेलो. वर पोचेपर्यंत टोपणाखालून वाफ. आई म्हणाली, देवीच्या मनात नव्हतं आपण यावं. पुणे रोडला ७०च्या पुढे सलग पंधरा-वीस मिनिटं चालवली तरी तेच होतं, फक्त सावकाश. बाजूला घेऊन इंजिन चालूच ठेवलं तर पाच-सात मिनिटांत काटा खाली येतो.

आत्तापर्यंत रेडिएटरचं टोपण नवं घेतलं, फॅन बेल्ट नवा टाकला, जाळी बाहेरून धुतली (मूठभर उसाचं पाचट निघालं). थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) मेकॅनिकनं काढून टाकलाय, म्हणाला आपल्या उन्हात लागत नाही. रोज सकाळी अर्धा लिटर पाणी घालावं लागतं. आता तोच म्हणतोय हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं, हेड उतरवू. सोमवारी गाडी द्यायचीय. देऊ का?

होटगीरोड | १० मे, रात्री १०:१५

काय करलालास बे! सोमवारी देऊ नको, आधी इथल्या जुन्या लोकांना येऊ दे. बाकी दुपारी बाहेर ४४ असतं, माझाच काटा लालवर आहे.

बुलेटप्रूफ_बंड्या | १० मे, रात्री ११:०३

सोपं आहे. जास्त प्रेशरचं टोपण लावा आणि पुढे एक इलेक्ट्रिक फॅन ठोका. माझ्या मामानं केलं, प्रॉब्लेम खलास.

जुनाटडिझेल | ११ मे, सकाळी ६:१०

मालक, गाडी देऊ नका. हेड उतरवणं शेवटी करायचं काम आहे. एकदा ते उतरलं की खरं दुखणं काय होतं याचा पुरावा पाण्याबरोबर गटारात जातो. मग नवं गॅस्केट बसतं, बिल होतं, आणि पुढच्या घाटात पुन्हा तेच.

मी एसटीच्या वर्कशॉपात २८ वर्षं काढली. तिथं उस्ताद पहिलं वाक्य शिकवायचे ते हेच, की गाडी कुठं तापत नाही ते आधी विचार. तुम्ही ते न विचारता सांगितलंय. सिग्नलला उभ्या गाडीच्या रेडिएटरातून हवा ओढायला फक्त पंखा असतो. पंखा, बेल्ट, पंख्याभोवतीचं काऊल यांत खोट असती तर सात रस्त्यालाच बोंब झाली असती. पुणे रोडला ७०च्या वेगात वारा आपोआप घुसतो, पंख्याचं काम तिथं जवळपास संपतं. म्हणजे हवा भरपूर मिळतेय आणि तरी तापतेय. म्हणून बंड्याभाऊंचा इलेक्ट्रिक फॅन तूर्त मामाकडेच राहू द्या.

संशय पाण्याच्या बाजूवर आहे. रेडिएटर आतून, वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप), पाईप, आणि तो काढून टाकलेला थर्मोस्टॅट. माझा अंदाज वॉटर बॉडीवर जास्त, पण अंदाजावर सामान बदलत नाहीत.

आधी गॅस्केटचा निकाल लावा, घरच्या घरी लागतो. उद्या सकाळी इंजिन गार असताना टोपण काढा. गार म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी. गरम असताना टोपणाला हात लावायचा नाही, तोंड भाजलेली माणसं बघितलीत मी. पाणी गळ्यापर्यंत भरा, इंजिन चालू करा, आत बघा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतील, ती अडकलेली हवा. पण सोडा-वॉटरसारखे बुडबुडे थांबेनातच, ॲक्सिलरेटर दाबला की वाढतात, असं दिसलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाबलेला वायू, पाण्यात शिरतंय. मग बंद करून टोपण लावा, पुन्हा गार इंजिन चालू करा आणि मिनिटभरात वरचा पाईप दाबून बघा. पाणी अजून कोमटही नाही आणि पाईप दगडासारखा कडक झाला, तर गॅस्केट किंवा हेड. ऑईलच्या टोपणाच्या आतून ताकासारखा फेस आहे का तेही बघा.

आणि सांगा, रोज पाणी कोणतं घालता?

वालचंदी | ११ मे, सकाळी ९:३०

काकांशी सहमत. दोन गोष्टी भर घालतो.

टोपणाबद्दल. बंद यंत्रणेत दाब वाढवला की पाण्याचा उकळबिंदू चढतो, एक पीएसआयला (दाबाचं एकक) साधारण दीड अंश. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे आपल्याकडे उघडं पाणी १०० ऐवजी साडेअठ्ठ्याण्णवलाच उकळतं. जास्त दाबाचं टोपण लावलं तर वाफ उशिरा दिसेल, इंजिन मात्र तेवढंच तापलेलं असेल. शिवाय ३० वर्षांच्या रेडिएटरचा झाळलेला जोड कुठेतरी फुटेल. टोपण जितक्याचं आहे तितक्याचंच ठेवा.

दुसरं, हे इंजिन २,११२ सीसीचं, ९० मिमी बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि ८३ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), जुन्या पद्धतीचं इनडायरेक्ट इंजेक्शन. डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं. त्या कप्प्याच्या भिंती बरीच उष्णता थेट पाण्याला देतात. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनापेक्षा याच्या रेडिएटरवर बोजा जास्त असतो. नवीन गाडीत जी कमतरता खपून जाते ती इथं खपत नाही.

आणि काटा खरं बोलतोय ना? हेडलाईट लावले की काटा हलत असेल तर अर्थिंग खराब आहे. वाफ आली म्हणजे तापतेय हे खरं, पण किती आणि कुठं ते मोजायला टेम्परेचर गन मिळाली तर उत्तम.

होटगीरोड | ११ मे, सकाळी ९:४१

इंजिनिअर माणसाला विचारलं की आधी समुद्रसपाटीपासून सुरुवात होते.

काळीमाती | १२ मे, सकाळी ८:२०

केलं सगळं. बुडबुडे सुरुवातीला चार-पाच, नंतर पाणी शांत, ॲक्सिलरेटर दाबल्यावर उलट पातळी थोडी खाली गेली. पाईप मऊच. ऑईलच्या टोपणाला फेस नाही. हेडलाईट लावून काटा हलत नाही. मेकॅनिकला कळवलं, सोमवारी येत नाही. त्यानं फोनवर जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

पाणी बोअरचं. दुसरं कोणतं घालणार? नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते गाडीला पाजू?

जुनाटडिझेल | १२ मे, सकाळी ८:५५

मालक, बोअरचं पाणी! एवढी वर्षं!

पाणी तापवायच्या तुमच्या बंबाच्या आत हात घालून बघा. पांढरी खरबरीत साल बसलेली असते ना, तीच गाडीच्या पोटात बसते. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही अर्धा लिटर नवं घालता, म्हणजे पुन्हा क्षार घालता. एकदाच भरून वर्षभर ठेवलं असतं तर इतकं वाईट नसतं. नुकसान करतं ते रोजचं घालणं. रेडिएटरच्या नळ्या काडेपेटीतल्या दोन काड्या शेजारी ठेवल्यावर जेवढी जागा होईल तेवढ्याच. तिथं साल बसायला वेळ लागत नाही.

आणि रोज अर्धा लिटर जातं कुठं? गळती दिसते का?

काळीमाती | १२ मे, दुपारी १:१०

गळती नाही. वॉटर बॉडीखालचं, गळती दाखवणारं भोकही कोरडं. मी रोज गळ्यापर्यंत भरतो.

जुनाटडिझेल | १२ मे, दुपारी १:२५

मग सापडलं. तुमच्या गाडीला बाजूची पाण्याची बाटली नसणार, ओव्हरफ्लोची नळी नुसती खाली सोडलेली असेल. गार पाणी गळ्यापर्यंत भरलं की तापल्यावर ते फुगतं आणि जास्तीचं नळीतून रस्त्यावर जातं. गार झाल्यावर पातळी खाली दिसते, तुम्ही पुन्हा भरता. गाडीला तेवढं पाणी नकोच होतं. गळ्याखाली दोन बोटं जागा सोडा.

बुलेटप्रूफ_बंड्या | १२ मे, दुपारी २:०२

म्हणजे रोज पाणी पाजून गाडीला मुतखडा झाला.

होटगीरोड | १२ मे, दुपारी २:०४

बंड्या, आज पहिल्यांदा कामाचं बोललास.

वालचंदी | १२ मे, रात्री ८:४०

रेडिएटर काढायच्या आधी एकदा मोजून घ्या. टेम्परेचर गन एसी-फ्रिज दुरुस्तीवाल्याकडे असते, मागून घ्या. घाट चढून थांबल्याबरोबर, इंजिन चालू ठेवून, चार ठिकाणी मारा: वरची टाकी, खालचा पाईप, जाळीचा डावा कोपरा, उजवा कोपरा. एक खबरदारी, चकचकीत पितळेवर गन खोटं बोलते, कमी दाखवते. त्या जागी काळी टेप चिकटवा आणि टेपवर मारा.

वर-खाली फरक अगदी कमी आणि दोन्हीकडे प्रचंड गरम, तर हवा उष्णता नेत नाही. फरक खूप मोठा, तर पाणी रेडिएटरातून फार हळू जातंय.

काळीमाती | १५ मे, रात्री १०:३०

आज एकटाच तुळजापूर घाटात. (बायकोला सांगितलं दर्शनाला चाललोय, तेही केलं.) चढ संपल्यावर बाजूला घेतली. टेपवर मारलेले आकडे: वरची टाकी १०३, खालचा पाईप ६८. जाळीचा वरचा भाग सगळीकडे ९०च्या आसपास, पण खाली डावीकडचा कोपरा ४९. रस्त्यावरचा डांबराचा पट्टा सहज म्हणून मारला, ६१!

जुनाटडिझेल | १६ मे, सकाळी ६:०५

३५चा फरक. घाट चढलेल्या निरोगी गाडीत पाच-दहा अंशांचा बघितलाय मी. डाव्या कोपऱ्यात ४९ म्हणजे तिथं गरम पाणी पोचतच नाही, त्या नळ्या बुजल्या.

पण घाई नको. रेडिएटरातून पाणी कमी जाण्याची कारणं तीन: नळ्या बुजल्या, वॉटर बॉडी अशक्त, किंवा पाणी दुसऱ्याच वाटेनं निघून जातंय. तिसऱ्याचा संबंध थर्मोस्टॅटशी. मेकॅनिक मंडळी म्हणतात उन्हात लागत नाही, काढून टाका. साध्या थर्मोस्टॅटला ते बऱ्यापैकी चालून जातं, इंजिन थोडं गार राहतं एवढंच, आणि डिझेलला गार राहणंही चांगलं नाही. पण काही इंजिनांत थर्मोस्टॅट दोन दारं सांभाळतो. गार असताना रेडिएटरचं दार बंद आणि इंजिनातल्या इंजिनात फिरवणारी बायपासची वाट उघडी. ८२-८५ला मेण फुगतं, रेडिएटरचं दार उघडतं आणि खालची चकती बायपासचं भोक झाकते. तो काढला की दोन्ही दारं उघडी. पाणी आपल्यासारखंच आहे, सोपी वाट दिसली की तिकडं वळतं. निम्मं पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात जातं. थर्मोस्टॅट काढल्यामुळे गाडी तापते, यावर कोणी विश्वास ठेवत नाही, पण अशा इंजिनात ते होतं.

हाऊसिंग खोला, आत दुसरं भोक दिसतंय का बघा.

काळीमाती | १६ मे, संध्याकाळी ६:४५

दिसतंय. अंगठ्याएवढं. जुना थर्मोस्टॅट मेकॅनिकच्या टपरीत डब्यात पडलेला मिळाला, त्याला खाली स्प्रिंगवर चकती आहे. दिला त्यानं, तोंड वाकडं करून.

वालचंदी | १६ मे, संध्याकाळी ७:१०

तोच बसवायच्या आधी तपासा. पातेल्यात पाणी, थर्मोस्टॅट दोऱ्यानं लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर. ८०च्या पुढे उघडायला लागला आणि ९५पर्यंत पूर्ण उघडला तर चांगला. नाहीतर नवा घ्या, आणि तसाच चकतीवाला घ्या, नुसता मापाला बसणारा नको.

काळीमाती | १७ मे, सकाळी ११:००

चहाच्या पातेल्यात केलं. ७९ला हलला, ९३ला पूर्ण. घरात जे ऐकून घ्यावं लागलं त्यापुढे मेकॅनिक परवडला. नवं पातेलं आणायचं ठरलंय, नवी पेठेतून, आजच.

काळीमाती | १८ मे, रात्री ९:१५

मंडळी, गडबड झाली. थर्मोस्टॅट बसवला, पुणे रोडला गेलो. आधी वीस मिनिटांत तापायची, आज आठव्या मिनिटाला काटा लाल. ढकलत नाही पण थांबत-थांबत घरी आलो. मेकॅनिकचं बरोबर होतं की काय?

होटगीरोड | १८ मे, रात्री ९:१८

काकाऽऽ, धावा!

जुनाटडिझेल | १९ मे, सकाळी ५:५०

घाबरू नका. ही चांगली बातमी आहे.

आधी निम्मं पाणी बायपासनं पळत होतं, त्यामुळे बुजलेला रेडिएटर झाकला गेला होता. आता बायपास बंद झाला, सगळं पाणी रेडिएटरातूनच यावं लागतंय, आणि ते येत नाही. म्हणजे अडथळा नक्की तिथंच. वॉटर बॉडी बिचारी जीव खाऊन ओढतेय.

ओढतेय म्हटलं त्यावरून सुचलं. खालचा पाईप कधी बदलला होता? एक प्रयोग करा. इंजिन गरम होऊ द्या, बॉनेट उघडा, एकजण आत बसून हळूहळू रेस वाढवेल आणि तुम्ही बाजूला उभं राहून खालच्या पाईपवर नजर ठेवा. हात पंख्यापासून लांब, गळ्यात उपरणं-टॉवेल काही नको.

काळीमाती | १९ मे, संध्याकाळी ७:३०

धाकट्या भावाला आत बसवलं. आयडलला पाईप गोल. रेस वाढवत नेली, मधल्या रेसपर्यंत गोल. त्याच्या पुढे पाईप मध्यभागी आत ओढला जायला लागला आणि जास्त रेसला रिकाम्या दुधाच्या पिशवीसारखा चपटा! रेस सोडली की फटकन पुन्हा गोल. मी तीनदा करायला लावलं, विश्वासच बसेना.

दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये बदलला होता. जुन्या पाईपात आत तारेची स्प्रिंग होती, गंजली म्हणून फेकून दिली त्यांनी.

जुनाटडिझेल | १९ मे, संध्याकाळी ७:४८

ती स्प्रिंग फेकायची नसते! पंप रेडिएटरच्या खालच्या बाजूनं पाणी ओढतो, तिथं चोषण तयार होतं. पाईप चपटा होऊ नये म्हणूनच आत स्प्रिंग असते. रेडिएटर मोकळा असेल तर मऊ पाईपही एकवेळ तग धरतो. तुमचा बुजलेला, त्यामुळे चोषण जास्त. रेस वाढली की पाईप मिटतो, पाईप मिटला की पाणी थांबतं. गावात तेवढी रेस लागत नाही. घाटात दुसऱ्या गिअरला आणि पुणे रोडला ७०ला लागते. थांबून आयडलला ठेवली की पाईप उघडतो आणि काटा खाली येतो. तुमच्या पहिल्या पोस्टमधली एकेक ओळ याला जुळते.

आता रेडिएटर काढा आणि कामाच्या माणसाकडे न्या. वरची टाकी खोलून नळ्यांतून सळई मारून घ्या. नुसतं प्रेशरनं धुवून देतो म्हणाला तर दुसरा बघा, ही साल प्रेशरनं जात नाही. रेडिएटर खाली असतानाच ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन कॉक (पाणी काढायचा नळ) उघडा.

बुलेटप्रूफ_बंड्या | १९ मे, रात्री ८:२०

ॲसिड टाकून मोकळं का नाही करायचं? फरशीचं आहे माझ्याकडे.

वालचंदी | १९ मे, रात्री ८:३१

फरशीचं ॲसिड चुकूनही नको, ते सालीसकट झाळण आणि धातू खातं. इंजिनातली हलकी साल काढायची असेल तर लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळवून थोडा वेळ फिरवतात, मग लगेच साध्या पाण्यानं तीन-चारदा धुऊन शेवटच्या पाण्यात थोडा खायचा सोडा, आणि पुन्हा धुणं. ॲल्युमिनिअमचा भाग असेल तर रात्रभर तसंच ठेवून झोपू नका. पण गच्च बुजलेल्या नळीत लिंबूसत्व जाणार कसं? तिथं सळईच.

काळीमाती | २३ मे, रात्री ९:४०

उशीर झाला, रेडिएटरवाल्याकडे गर्दी. मे महिना त्याचा दिवाळीचा हंगाम आहे म्हणतो. त्यानं आधी उभा धरून वरून बादली ओतली. मोकळ्या रेडिएटरातून पाणी धबधब्यासारखं पडतं म्हणे. आमच्यातून म्हशीच्या धारेएवढं आलं. टाकी उघडल्यावर डावीकडच्या नळ्यांची तोंडंच दिसेनात, पांढऱ्या-तांबूस खड्यांनी लिंपलेली. मी एक खडा घरी आणलाय. सळई मारून, टाकी पुन्हा झाळून, पाण्यात बुडवून हवा भरून तपासला. पाच-सहा नळ्या गेलेल्याच होत्या, त्या त्यानं झाळून बंद केल्या. म्हणाला अजून दोन-तीन उन्हाळे काढेल, मग नवी जाळी. तिचा दर विचारला तर म्हणाला, तांब्याचा भाव बघून सांगतो.

ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडला तर थेंब नाही! तार घालून खुपसल्यावर आधी काळपट चिखल आला, मग भडाभडा पाणी. मागच्या सिलिंडरच्या बाजूला किती साठलं असेल देव जाणे. उलट्या बाजूनं होज लावून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं. वॉटर बॉडी उतरवून बघितली, पंखुड्या शाबूत.

जुनाटडिझेल | २४ मे, सकाळी ६:००

वॉटर बॉडीवरचा माझा संशय खोटा ठरला, बरं झालं. उतरवलीच आहे तर गॅस्केट नवं टाका. खालचा पाईप स्प्रिंगवाला घ्या, स्प्रिंग वेगळी मिळाली तरी चालेल, पण गंज न धरणारी.

भरताना गाडीचं नाक चढावर करा, पाणी हळू ओता, दोन्ही पाईप हातानं दाबत राहा म्हणजे हवा निघते. हवा अडकली तर सगळं नीट करूनही तापेल आणि तुम्ही पुन्हा इथं येऊन ओरडाल. पाणी डिस्टिल्ड, बॅटरीवाल्याकडचं. कूलंट निम्मं. नुसतं पाणी उष्णता जास्त वाहून नेतं हे खरं, पण गंज रोखायचं काम कूलंटचं आहे. बाजूला एक बाटलीही बसवून घ्या, टोपण मात्र परत ओढून घेणारं हवं.

पाकणीफाटा | २४ मे, दुपारी १२:१५

वाचतोय सुरुवातीपासून. विचारायचं राहतंय म्हणून, फोर बाय फोरचा लिव्हर डांबरावर सोडवलेला असतो ना? माझ्या चुलत भावाची अशीच जीप घाटात ओढेना, तापेना का म्हणत महिनाभर फिरवली. शेतातून निघताना लिव्हर लावला तो लावलेलाच. या गाड्यांना मधला डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा) नसतो, डांबरावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात, इंजिनावर बोजा येतो.

काळीमाती | २४ मे, दुपारी १२:४०

सोडवलेला आहे. पण तुमच्यामुळे जाऊन बघून आलो.

बुलेटप्रूफ_बंड्या | २४ मे, दुपारी ३:००

माझी गाडी नवीन आहे, व्हिस्कस पंखावाली. ती उलट सिग्नलला तापते, हायवेला नाही. हाच इलाज?

जुनाटडिझेल | २४ मे, दुपारी ३:२०

उलटं दुखणं, उलटं औषध. तुमचा व्हिस्कस क्लच बघा, गरम झालं की पंख्याला पकडून फिरवतो तो. गरम इंजिन बंद करून पंखा हातानं फिरवा, भिंगरीसारखा मोकळा फिरला तर गेला. आणि नवा धागा काढा, इथं गर्दी नको.

काळीमाती | २७ मे, रात्री १०:०५

तुळजापूर. आई, बायको, पोरं, ओटी, सगळे तेच. दुपारी एक वाजता, मुद्दाम. काटा मध्यापासून एक रेघ वर गेला आणि तिथंच थांबला. वर पोचून गन मारली: वरची टाकी ९१, खालचा पाईप ८३, डावा कोपरा ८४. येताना नळदुर्गमार्गे लांबून आलो, ७५नं, काही नाही. आई म्हणाली, देवीनं बोलावलं होतं यावेळी. मी काही बोललो नाही.

आण्णांना तो खडा दाखवला. त्यांनी हातात घेऊन वळवून बघितला आणि म्हणाले, "तीस वर्षं बोअरचंच घातलं, तेव्हा काही झालं नाही." खडा त्यांच्या हातात होता हे बोलताना.

होटगीरोड | २७ मे, रात्री १०:११

आण्णांचा नंबर दे, माझ्या बाबांशी जोडी जमेल.

वालचंदी | २७ मे, रात्री १०:३०

आठचा फरक, सुरेख. एक सूचना. आण्णा पाण्याचा कॅन गाडीत ठेवत असतील ना? त्यात आता कूलंट मिसळलेलं पाणी ठेवणार असाल तर खूण करा. ते विषारी असतं आणि चवीला गोडसर, पोरं किंवा शेतातली कुत्री तोंड लावतात.

काळीमाती | २८ मे, सकाळी ७:४५

मागच्या सीटखाली पाच लिटरचा पांढरा कॅन, गाडीइतकाच जुना. काल रात्री धुऊन नवं पाणी भरून ठेवला होता. आत्ता बघतो तर आण्णांनी लाल ऑईलपेंटनं वर लिहिलंय: "गाडीचं पाणी. माणसानं पिऊ नये. बोअरचं घालू नये. हुकूम."